सहा इंची टेकू

राणे सरांनी आयुष्यात एकही वस्तू चटकन विकत घेतली नसेल. सिंगापुरात पासिर रिसच्या बाजारात भेंडी घेतानासुद्धा ते एकेका भेंडीचं टोक मोडून बघायचे आणि मोडलेली टोकं टोपलीच्या कडेला ओळीने मांडून ठेवायचे. भाजीवाली चिनी आजी पहिली दोन वर्षं त्यांच्यावर ओरडली. तिसऱ्या वर्षी तिने नाद सोडला. पुढे तर त्यांनी बाजूला काढलेली भेंडी ती दुसऱ्या गिऱ्हाइकालाही देईना, असं सर सांगायचे. मला काही ते खरं वाटत नाही. पण सर थापा मारणाऱ्यांतले नव्हते, म्हणून मी ऐकून घ्यायची.

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. 'काढली' हाच शब्द बरोबर आहे. विमानाच्या इंजिनांचे सुटे भाग दुरुस्त करून परत पाठवणारी आमची कंपनी, आणि सर तिथल्या तपासणी विभागाचे प्रमुख. मी पुण्याहून नवीनच आलेली, एम्प्लॉयमेंट पास हातात पडून आठवडाही झाला नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक रिंग ठेवली आणि म्हणाले, "बघ." मी मशिनवर मोजली, आकडे लिहिले आणि ठीक आहे म्हणून सांगितलं.

"हातात घेतलीस?"

"मोजली ना, सर."

"मोजलीस ते दिसलं. हातात घेतलीस का, ते विचारतोय."

मग त्यांनी ती रिंग उचलली, डोळे मिटले आणि अंगठ्याखाली सावकाश फिरवली. एका जागी थांबले. "इथे." भिंगाखाली धरल्यावर तिथे केसाएवढी चीर निघाली. मला इतका राग आला की मी दुपारी जेवले नाही. "हातात घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही," हे वाक्य त्यानंतर मी इतक्या वेळा ऐकलं की घरी नवऱ्याने आंबे आणले तरी मी तेच म्हणायला लागले.

दिसायला अगदी साधे. बुटके, काळेसावळे, केस चापून बसवलेले, शर्टाच्या खिशात नेहमी जाडी मोजायचा एक व्हर्नियर. आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एका शुक्रवारी त्यांनी अख्खा लॉट लाल चिठ्ठ्या लावून बाजूला ठेवला. प्रॉडक्शनचे लिमसाहेब धावत आले. "राणे, कस्टमर इज वेटिंग ले!" सर चष्मा पुसत म्हणाले, "कस्टमर इज ऑल्सो फ्लाइंग." लिमसाहेब आले तसे परत गेले. सोमवारी लॉट पुन्हा तपासला, तेव्हा सरांचंच खरं निघालं. त्याचा आनंद मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही. आनंद झाला की लपवायचा, अशी काहीतरी त्यांना सवयच होती.

अपवाद फक्त दुपारचा. इथे बारा वाजले की तिकडे साडेनऊ होतात. त्या वेळी सर कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन भावाला फोन लावायचे. "अण्णा, न्हेरी झाली?" एवढं विचारताना त्यांचा आवाजच बदलायचा, पन्नाशीचा माणूस दहाबारा वर्षांचा होऊन जायचा. सावंतवाडीच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी त्यांचं गाव. वडील लवकर गेले. अण्णा त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठे, त्यांनी शाळा सोडून शेत धरलं, म्हणून धाकटा कोल्हापूरला जाऊन इंजिनिअर झाला. हे सर कधी स्वतःहून बोलले नाहीत. मला त्यांच्या बायकोने, रेखाताईंनी सांगितलं. सर बोलायचे ते भाताबद्दल, काजूबद्दल आणि रानडुकरांबद्दल.

रानडुकरांवरून आठवलं. पासिर रिसलाही रानडुकरं आहेत, हे मला इथे येऊन दोन वर्षं झाल्यावर कळलं. एका संध्याकाळी आम्ही दोघं बसस्टॉपवर उभे होतो आणि झाडीतून एक मादी चार पिल्लं घेऊन बाहेर आली. लोकांनी फोन काढले. एक शाळकरी मुलगी ओरडली, "डोन्ट गो नियर, लाह!" सर हललेसुद्धा नाहीत. बस आली, गेली. मी वैतागून म्हटलं, "सर, पुढची बस वीस मिनिटांनी आहे." ते मादीकडे बघतच म्हणाले, "पंचेचाळीस मीटर. आणि बघ, नेम धरायला कशी आडवी उभी आहे." मग एकदम गंभीर झाले. "इथे हिचे फोटो काढतात. आमच्याकडे ही एका फेरीत अर्धं शेत झोपवते."

अण्णांकडे वडिलांच्या वेळची तीनशे पंधरा बोअरची रायफल होती. पीकसंरक्षणाचा परवाना होता, वनखात्याची रीतसर परवानगी होती. अण्णा शेताच्या कडेला आंब्यावर बांधलेल्या माळ्यावर बसायचे आणि वर्षातून एखादं डुक्कर मारायचे. एका गोळीत. दुसरी गोळी झाडावी लागली की अण्णांना लाज वाटते, असं सर अभिमानाने सांगायचे.

तर या अण्णांच्या हातांना कंप सुटला. आधी चहाचा कप, मग सही, मग रायफल. ज्या वर्षीचं मी सांगतेय त्याच्या आदल्या वर्षी त्यांची गोळी एका डुकराच्या पोटात बसली आणि ते तसंच पळालं. अण्णा दोन दिवस ओढ्याओढ्याने त्याला शोधत फिरले. रात्री त्याचं ओरडणं घरापर्यंत ऐकू यायचं. तिसऱ्या दिवशी सापडलं, तेव्हा जिवंत होतं. त्यानंतर अण्णा आठवडाभर धड जेवले नाहीत, असं वहिनीने सरांना कळवलं. सरांनी रायफल विकून टाक म्हटलं. अण्णा म्हणाले, मग शेतही विकतो. 

पुढच्या मे महिन्यात एका दुपारी सर फोन ठेवून माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "कुलकर्णी, बायपॉड म्हणजे काय माहीत आहे?"

मला ट्रायपॉड माहीत होता. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. रायफलच्या नळीखाली पुढच्या बाजूला बसवायचे दोन पाय. माणसाचा हात थरथरला तरी बंदूक टेकलेली राहते. अण्णा त्याला नुसतं 'टेकू' म्हणाले होते आणि अटही घातली होती. टेकू दोन हजारांच्या आतला हवा आणि पैसे त्यांचेच. धाकट्या भावाच्या सिंगापूरच्या पैशांवर आपलं शेत राखणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

झालं. सरांच्या हातात आता तपासायला एक वस्तू आली, आणि ती वस्तू हातात घेता येत नव्हती. सिंगापुरात बंदुकीचा स्क्रूसुद्धा मागवायचा नाही, हा त्यांचा नियम. "पास जाईल तो जाईल, वर तुरुंग." भारतातल्याच दुकानातून परस्पर गावच्या पत्त्यावर पाठवायचा होता. म्हणजे फोटो बघायचे, लोकांचे अभिप्राय वाचायचे, दुकानदाराला फोन करून छळायचं. सात आठवडे हे चाललं. सात. स्वस्तातल्या वस्तूत लबाडी कुठे असते हे सरांना पाठ होतं. पाय अॅल्युमिनियमचे की ओतीव भंगाराचे, स्प्रिंग उघड्यावर आहे की झाकलेली, पावसात गंजेल का, पाय बाहेर काढल्यावर खाचेत पक्का बसतो की दाबला की घसरतो, बंदुकीला धरणारी कडी किती जाड. एका दुकानदाराला त्यांनी किचनमधल्या काट्यावर टेकू ठेवून वजनाचा फोटो पाठवायला लावला. त्याने पाठवलाही बिचाऱ्याने. वजन कमी भरलं, म्हणून सरांनी तो बाद केला.

शेवटी दोन उरले. एक सहा ते नऊ इंच उंचीचा, पाय आखूड पण घट्ट. दुसरा तेरा इंचांच्या वरचा, बसून वापरायचा, पण त्या किमतीत त्याचे लांब पाय लटलट हलणार हे नक्की. सरांनी आपल्या हॉलमध्ये प्रयोग मांडला. मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. फरशी पुसायच्या मॉपचा दांडा आधी पुस्तकांच्या सहा इंची थप्पीवर ठेवून सर पालथे पडले, मग स्टुलावर ठेवून बसले. कॉलेजात ते एन.सी.सी.त नेमबाज होते. पालथे पडले तेव्हा त्यांचा दांडा खरोखरच तसूभर हलत नव्हता. त्यांची मुलगी सई खोलीतून बाहेर आली, बापाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, इट्स अ मॉप, लाह." आम्ही खूप हसलो.

"काय करू, कुलकर्णी?" सर जमिनीवरूनच म्हणाले.

मला भूक लागली होती. सात आठवडे तेच तेच ऐकून मी कंटाळले होते. "घ्या हो एकदाचा तो लहान," मी म्हटलं.

त्यांनी लहान घेतला. माझ्या सांगण्यावरून घेतला असं नाही, माझ्या सांगण्यावरून ते काही करणारे नव्हते. पण म्हटलं होतं मी, हे खरं.

माळ्यावर बसून नेम धरणाऱ्याला सहा इंची टेकूचा काही उपयोग नाही, हे आमच्या दोघांच्या लक्षात आलं नाही. म्हणजे सरांच्या आलं होतं. ते म्हणाले, अण्णा आता माळ्यावर चढतात तेच चुकीचं आहे, हात थरथरतात, पडतील. त्यापेक्षा बांधावर पालथं पडून नेम धरावा. एन.सी.सी.त आम्ही सतरंजीवर पडायचो, म्हणाले. चूक झाली ती इथे. सिंगापुरात गवत बोटभर उंचीवर कापलेलं असतं, त्यावर माणूस कुठेही आडवा होतो. वीस वर्षं हेच गवत बघितलेल्या माणसाला भाद्रपदातला कोकणातला बांध आठवला नाही. ज्या मातीत तो जन्मला तिथला बांध. मला आठवायचा प्रश्नच नव्हता, मी सदाशिव पेठेतली.

टेकू पोचला. आता सरांची दुसरी सवय सांगायला हवी. वस्तू पास केली की त्यांचं काम संपायचं नाही. ती बसवल्यावर कशी चालते याचा अहवाल आल्याशिवाय ते फाइल बंद करायचे नाहीत. कस्टमर कितीही मोठा असो, ते महिनाभर मागे लागायचे. अण्णांच्याही लागले. बसवलास का? वापरलास का? फोटो पाठव. अण्णा आज करतो, उद्या करतो म्हणायचे. गणपती आले, गेले, भात पोटरीला आलं. एका दुपारी फोटो आला. सरांनी तो मला कॅन्टीनमध्ये दाखवला. पिवळ्या रेनकोटातला एक म्हातारा बांधावर पालथा पडलाय, पुढे टेकूवर रायफल, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. दोन्ही भावांचं हसू अगदी एक.

सर हसले नाहीत. फोटो मोठा करून बघत होते. "उजवं कोपर बाहेर फेकलंय," म्हणाले. "सगळा टेकू फुकट." आणि माझ्यासमोरच त्यांनी अण्णांना फोन केला. कोपर आत घे, छातीजवळ. परत एकदा कर आणि फोटो पाठव. पलीकडून अण्णा काहीतरी म्हणाले. "नाय, नाय, परत काढ," सर म्हणाले, "एकदा नीट बघितलंय काय मी सुटलंय."

तिसऱ्या दिवशी अण्णांना फुरसं चावलं. बांधावर, उजव्या हाताला. फुरसं म्हणजे वीत-दीड वीत लांबीचा विषारी साप, मातीच्याच रंगाचा. आधी गावातल्या दवाखान्यात नेलं, मग गोव्याला मोठ्या इस्पितळात. पहिल्या दिवशी बरं आहे म्हणाले. सर ऑफिसला आले आणि दिवसभर काम केलं. दुसऱ्या दिवशी लघवीतून रक्त जायला लागलं. तिसऱ्या दिवशी सरांनी तिकीट काढलं. चौथ्या दिवशी पहाटे अण्णा गेले, तेव्हा सर बंगळुरूच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत होते. ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पावसाचे दिवस, लोक थांबत नाहीत.

तेरावा करून ते परत आले आणि कामाला लागले. मी घाबरले होते, पण बाहेरून काहीच बदललं नव्हतं. तशाच लाल चिठ्ठ्या, तसाच चष्मा पुसणं. फक्त बारा वाजता ते कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसायचे आणि फोन समोर उपडा ठेवायचे. साडेबाराला उठायचे. कुणी त्या टेबलावर जाऊन बसत नसे.

डुकराच्या मागे गेला असणार, असं ते धरून चालले होते, निदान मला तसं वाटलं. एकदाच मला म्हणाले, "शेत राखताना गेला. त्याला तसंच आवडलं असतं." मी हो म्हटलं. 

दिवाळीत आम्ही दोघं नवराबायको गोव्याला जाणार होतो. आमच्याकडे कुणी भारतात निघालं की सगळे पिशव्या घेऊन येतात. त्यात सर कधीच नसत. या वेळी ते एक लहानसं पाकीट घेऊन आले. वहिनीसाठी गुडघ्याला लावायचं मलम आणि चष्म्याची साखळी. "टपालाने गेलं असतं," ते म्हणाले, "पण कुणीतरी जाऊन बघून आलं तर बरं."

गोव्यापासून दीड तासाचा रस्ता. वहिनी ओटीवर बसून काजू निवडत होत्या. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्याशी मुद्दाम जपून, शुद्ध बोलत होत्या. चहा झाला, पाकीट दिलं. नवरा शेत बघायला गेला आणि आम्ही दोघीच उरलो, तेव्हा त्यांनी आपला फोन काढला.

"तुम्ही भावोजींच्या ऑफिसातल्या ना? मग तुम्हालाच विचारते. हा भावोजींना पाठवू का?"

तोच बांध, तोच पिवळा रेनकोट. रायफल टेकूवर. या वेळी अण्णा हसत नव्हते. शाळेतल्या मुलाने मास्तरांपुढे करावं तसं सगळं नीट केलेलं, आणि उजवं कोपर आत, छातीजवळ.

"डुक्कर वगैरे काही नव्हतं हो," वहिनी म्हणाल्या. "दिवेलागण व्हायची होती अजून. टेकू ह्यांच्या कामाचा नव्हताच. माळ्यावर तो नीट बसायचा नाही. शेवटी तिथे ते आपली वाळूची पिशवीच ठेवायला लागले, तिच्यावर बंदूक छान राहायची. मी म्हटलं, कशाला त्या ओल्या गवतात झोपता. तर म्हणतात, भावान इतक्या हौशेन धाडल्यान, तेका काय सांगू? फोटो काढ गो. म्हणून मी काढला. उठताना हात टेकला आणि चावलं."

मी फोन त्यांच्या हातात परत दिला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी पाठवणार होते त्याच संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "मग धावपळ झाली. नंतर वाटलं, आता कसा पाठवायचा? आणि नाही पाठवला तरी बरं वाटत नाही. भावोजींनी मागितला होता ना."

"नका पाठवू," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा काजू निवडायला घेतले.

परत आल्यावर पंधरा दिवस मी सरांना टाळलं. वहिनी बऱ्या आहेत, गुडघा दुखतो, एवढंच सांगितलं. ते "बरं" म्हणाले. मग मला बुकित तिमाहच्या बाजूला एका दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली. नोकरी मी आधीच शोधत होते, पण घाई केली ती या फोटोमुळे, हे कबूल करते. शेवटच्या दिवशी सुटल्यावर सर म्हणाले, "चल, कॉफी पाजतो." सहा वर्षांत पहिल्यांदा.

पासिर रिस स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरमध्ये आम्ही बसलो. त्यांनी दोन कोपी आणल्या. नव्या नोकरीबद्दल विचारलं, तिथे कोणती मशिनं आहेत ते विचारलं. माझ्या उत्तरांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. शेजारच्या टेबलावर शाळेतून आलेली पोरं मोठमोठ्याने बोलत होती. सर जरा पुढे वाकले.

"वहिनीकडे दुसरा फोटो आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. सहा वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते. बोलून उपयोगही नव्हता.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "रायफल पोलिसांनी जमा करून घेतली, त्याच्या कागदावर लिहिलंय, गोळी भरलेली नव्हती. डुकराच्या मागे गेलेला माणूस रिकामी रायफल नेत नाही." त्यांनी कप बाजूला सरकवला. "मला बघायचा नाही तो. पाठवू नको म्हणावं तिला."

"मी तेच सांगितलंय, सर."

"बरं केलंस."

मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. खिशातला व्हर्नियर काढून त्यांनी टेबलावर ठेवला, पुन्हा खिशात घातला. 

"तेवढं फक्त सांग," ते म्हणाले. "कोपर आत होतं?"

"होतं, सर."

त्यांनी मान डोलावली. दोन्ही कप उचलून ट्रेमध्ये ठेवले, टेबलावर सांडलेली कॉफी रुमालाने पुसली आणि ट्रे परत ठेवायला गेले. मी बराच वेळ बसून राहिले. ते टेबलाकडे परत आले नाहीत.